हा गृहपाठ नाही

मॉरिट्सने चष्मा कपाळावर चढवला, निकालाचा कागद डोळ्यांजवळ नेला आणि पहिल्या ओळीवर बोट टेकवून ते तिथेच राहू दिलं.

"पहिलं कोण आलंय ते जरा मोठ्यानं वाच, पोरी."

"गोदेलिव्हचं करडं," लुटगार्ट म्हणाली.

"आणि वेळ?"

"उणे चाळीस मिनिटं."

काउंटरमागे ग्लास पुसत असलेली गोदेलिव्ह थांबली. कॅफे तिचा होता आणि करडं कबुतरही तिचंच.

"म्हणजे सोडायच्या आधीच घरी पोचलं. तरी मी म्हणत होते, त्याला कमी लेखू नका."

शर्यतीच्या कबुतरांच्या पेट्या फ्रान्समध्ये रविवारी सकाळी सातला उघडल्या होत्या. करडं घरी आलं सोमवारी सहा वाजून वीस मिनिटांनी. मधली रात्र त्याने कुठे घालवली हे त्याचं त्याला ठाऊक. प्रोग्रामला घड्याळ कळत होतं, वार कळत नव्हता. अशा उशिरा येणाऱ्यांची नावं लुटगार्टचे वडील, अशील, शेवटी पेन्सिलीने लिहीत असणार. हे त्यांनी कधी कुणाला सांगितलं नव्हतं, आणि मार्चपासून विचारायची सोय राहिली नव्हती. टेलिफोन खात्यातून निवृत्त झाल्यावर त्यांनी स्वतः शिकून हा प्रोग्राम लिहिला होता. कुणाचं घर लांब, कुणाचं जवळ, म्हणून ज्याच्या त्याच्या वेळेतून अंतराप्रमाणे मिनिटं वजा करायची (कॅफे सगळ्यात जवळ, त्याची वजावट शून्य) आणि ज्याचा वेळ सगळ्यात कमी तो पहिला.

"या खेपेला मी हातानं लावून देते," लुटगार्ट म्हणाली.

"हातानं? तुझीही कबुतरं आहेत त्यात. उद्या लोक मला विचारतील, मी काय सांगू?" मॉरिट्सने कागदाची घडी घातली. "हे बघ, अशील होता तोवर प्रश्न नव्हता. येत्या रविवारी निकाल नीट लागला तर ठीक. नाहीतर मी पलीकडच्या गावच्या मंडळात जातो. मी जिंकतो तिथं राहतो, मला लाज नाही."

"तो गेला की उरतो कोण?" गोदेलिव्ह ग्लासाला उद्देशून म्हणाली. "मी आणि माझं करडं."

मॉरिट्स मंडळाचा अध्यक्ष होता. तो जाईल तिथे बाकीचे जाणार, हे सगळ्यांना माहीत होतं. वडिलांनंतर एक हंगाम तरी मंडळ चालवून दाखवायचं, एवढंच लुटगार्टने मनाशी ठरवलं होतं. तिने कागद मागून घेतला.

घरी येऊन तिने प्रोग्रामिंगचा एक मंच शोधला आणि प्रश्न टाकला. विषय लिहिला, 'तातडीचं, कृपया मदत करा'. खाली लिहिलं: 'काही जणांची कबुतरं एका ठिकाणाहून एकाच वेळी सुटतात. प्रत्येकाचं घर वेगळ्या अंतरावर आहे. पोहोचण्याच्या वेळा दिल्या असता क्रम कसा लावावा?' ती शाळेत लॅटिन शिकवायची. आपला मजकूर नेटका झाला आहे, असं तिला वाटलं.

पहिलं उत्तर लगेच आलं. 'छान उदाहरण. कितवी इयत्ता?'

दुसरं 'साळिंदर' असं टोपणनाव घेतलेल्या कुणाचं होतं. 'इथे गृहपाठ करून मिळत नाही. पानाच्या माथ्यावर सूचना आहे, ती वाच. विषयात तातडीचं असं लिहू नये. घाई तुला आहे, आम्हाला नाही. तू स्वतः काय करून पाहिलंस ते दाखव.'

'हा गृहपाठ नाही,' तिने लिहिलं. 'ही खरी कबुतरं आहेत.'

'सगळ्यांची खरीच असतात. गेल्या महिन्यात एकाला खरे हत्ती होडीतून पलीकडे न्यायचे होते. काय करून पाहिलंस?'

'मी काहीच केलेलं नाही. प्रोग्राम माझ्या वडिलांनी लिहिला. ते मार्चमध्ये वारले.'

'परीक्षा जवळ आल्या की या मंचावर आज्या फार वारतात. वडील त्या मानाने कमी. काय करून पाहिलंस?'

लुटगार्टने कीबोर्डवरून हात उचलले. उठून कप विसळला. तो स्वच्छच होता, तरी पुन्हा विसळला. आज्या तिच्याही वर्गात वारायच्या, विशेषतः अनियमित क्रियापदांच्या चाचणीआधी, आणि अशा वेळी चेहरा कसा ठेवायचा हे तिने केव्हाच बसवून टाकलं होतं. तो चेहरा समोरून कसा दिसत असेल, हे आजवर पाहायची वेळ आली नव्हती. ती परत येऊन बसली आणि तिने सूचना उघडली.

'गृहपाठ असेल तर तसं सांगा, त्यात कमीपणा नाही. सगळा प्रोग्राम आमच्या अंगावर टाकू नका. प्रश्न लहान करा. जे काढून टाकलं तरी चूक तशीच राहते, ते काढून टाका. मग दोनच वाक्यं लिहा: काय व्हायला हवं होतं, आणि काय झालं.'

बुधवारी दुपारी शाळा नसते. ती वडिलांच्या टेबलाशी बसली आणि प्रोग्राममधल्या यादीतून एकेक कबुतर काढू लागली. काढायचं, प्रोग्राम चालवायचा, करडं अजून पहिलंच आहे ना ते बघायचं. बेकरीवाल्याची सगळी गेली. पोस्टातल्या जोडप्याची गेली. वडिलांनी पक्ष्यांना ठेवलेली नावं वाचताना तिला दोनदा उठावं लागलं. एकाचं नाव 'इन्स्पेक्टर' होतं आणि एकीचं 'सासूबाई'. शेवटी तीनच उरली: गोदेलिव्हचं करडं, मॉरिट्सचा नर आणि वडिलांची निळी मादी.

मग ती दोन वाक्यं आली. 'काय व्हायला हवं होतं' एवढं टाइप करून ती बराच वेळ त्याच्याकडे पाहत राहिली. अंगणातल्या खुराड्यात पंखांची फडफड चालू होती. तिने लहान केलेला प्रोग्राम मंचावर टाकला आणि खाली लिहिलं: 'सोमवारी आलेलं कबुतर शेवटचं यायला हवं होतं. ते पहिलं आलं.'

साळिंदरचं उत्तर यायला या वेळी थोडा वेळ लागला.

'हा प्रश्न झाला. आणि हा हात विद्यार्थ्याचा नाही. सगळी नावं मोठ्या अक्षरांत, प्रत्येक ओळीला क्रमांक, असं जुनी माणसं लिहायची. वडिलांबद्दल मी लिहिलं ते मागे घेतो. तरी उत्तर मिळणार नाही. आलेला वार कोणता, हे तुम्ही प्रोग्रामला कुठे सांगितलंय?'

'कुठेच नाही.'

'मग त्याने ओळखावं कसं?'

पुढचे दोन दिवस असेच गेले. ती काहीतरी करायची, काहीतरी मोडायचं. तो विचारायचा, 'असं का केलंत?' आणि उत्तर लिहिता लिहिता तिचं तिलाच दिसायचं. एकदा सगळीच कबुतरं सोमवारची झाली. 'प्रगती आहे,' साळिंदरने लिहिलं, 'निदान अन्याय सगळ्यांवर सारखा झाला.' शुक्रवारी चार वाजता करडं निमूटपणे तळाशी जाऊन बसलं.

'चालतंय,' तो म्हणाला. 'कुणी विचारलं तर स्वतः केलं म्हणून सांगा, कारण केलंयत. फक्त एक शंका. तीन घरांची अंतरं तुम्ही दिली आहेत, वजा करायची मिनिटं त्यांच्यावरूनच निघतात. दोघांची बरोबर आहेत. तिसऱ्या घराची सहा मिनिटं कमी वजा केली आहेत, म्हणजे त्या घराचंच नुकसान, आणि ही नजरचूक नाही. त्यासाठी वेगळी ओळ लिहिली आहे. चूक की मुद्दाम?'

तिसरं घर वडिलांचं होतं.

लुटगार्टने ती ओळ शोधली. होती. ती वाचून झाल्यावर तिने जुने रविवार आठवून पाहिले. वडील दुसरे यायचे. कधी तीन मिनिटांनी मागे, कधी चार. त्याहून जास्त कधी ऐकल्याचं तिला आठवेना. मॉरिट्स त्यांच्या पाठीवर थाप मारून जेनेव्हर दारू पाजायचा, 'पुढच्या वर्षी, अशील, पुढच्या वर्षी,' म्हणायचा, आणि वडील ग्लास उचलून नम्रपणे मान हलवायचे. घरी येताना ते गाडीत शीळ घालायचे. हरलेला माणूस शीळ कसा घालतो, असं तिला लहानपणी वाटायचं.

साळिंदरला तिने उत्तर दिलं नाही. शनिवारी कबुतरं पेट्यांत घालून रवाना केली, तेव्हाही दिलं नाही. ओळ पुसायला एक बटण पुरलं असतं. तिने दोनदा त्यावर बोट नेलं.

रविवारी आभाळ स्वच्छ होतं. निळी मादी खुराड्याच्या फळीवर उतरली, जराही न रेंगाळता आत शिरली, आणि घड्याळात नोंद झाली. लुटगार्टने शाळेतल्यासारखा कागदावर हिशेब मांडला. खऱ्या अंतराने धरलं तर वडिलांची मादी पाच मिनिटांनी पहिली होती. तिने कागद चुरगाळून एप्रनच्या खिशात टाकला आणि प्रोग्राम चालवला.

संध्याकाळी कॅफेत ती निकाल वाचायला उभी राहिली. गोदेलिव्हने तळणाचा पंखा बंद केला.

"पहिला, मॉरिट्सचा नर. एका मिनिटाने मागे, अशीलची निळी मादी. शेवटचं..."

"माहीत आहे," गोदेलिव्ह म्हणाली. "ते अजून यायचंय."

मॉरिट्सने खुर्ची मागे सरकवली, पोटावरून हात फिरवला आणि चोहीकडे पाहून घेतलं.

"बघ पोरी, नीट केलंस की निकाल आपसूक बरोबर येतो. पलीकडच्यांना फोन करून सांगतो, मला जमायचं नाही म्हणून. गोदेलिव्ह, हिला काय हवं ते दे." आणि ती बसल्यावर, जरा आवाज उतरवून: "एका मिनिटानं गेली ना. अशीललाही असंच व्हायचं बघ. कुठे कमी पडायचा कोण जाणे."

"फळीवर उतरायला वेळ लावत असतील," लुटगार्ट म्हणाली आणि ग्लास उचलला.

घरी पोचली तेव्हा अजून उजेड होता. तिने मंच उघडून साळिंदरला एकच शब्द लिहिला: 'मुद्दाम.'

'मग शेजारी टीप लिहून ठेवा,' त्याचं उत्तर आलं. 'नाहीतर पुढेमागे कुणी हुशार माणूस येऊन दुरुस्त करून टाकेल. आणि काय केलंय ते लिहू नका, ते ओळीत दिसतंच. का केलंय ते लिहा.'

तिने प्रोग्राम उघडला. ओळीशेजारी लिहिलं, 'वडील मनाने मोठे होते.' वाचलं आणि पुसलं. ते काही कारण नव्हतं. मग वडिलांसारखीच मोठी अक्षरं निवडून तिने लिहिलं, 'मॉरिट्स राहायला हवा,' आणि प्रोग्राम साठवला.