सासूबाई जागा बघायला जातात

सासूबाईंनी देहदान करायचं ठरवलं, तेही सुनेच्याच कॉलेजात. सून तिथे शरीररचनाशास्त्र शिकवायची.

"पण आधी जागा बघणार," त्या म्हणाल्या. "भाड्याचं घरसुद्धा मी कधी न बघता घेतलं नाही."

"आई, तिथे बघण्यासारखं काही नाही हो."

"म्हणजे लपवण्यासारखं आहे."

दुसऱ्याच दिवशी त्या सुनेमागोमाग विच्छेदनाच्या हॉलमध्ये शिरल्या. स्टीलची टेबलं, पांढऱ्या चादरी, भोवती मुलांची गर्दी. एका मुलीला त्यांनी आधी मोकळे केस बांधायला लावले. एकाचे हातमोजे खिशातून डोकावत होते. "खिशाला थंडी वाजते का रे?" त्याने निमूट ते हातात चढवले. मग त्या स्टुलावर टेकल्या आणि त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं.

"फॉर्मालिन आहे ते," सून म्हणाली. "देह टिकावा म्हणून वापरतात. टेबलाशी वाकलं की त्याची वाफ झोंबते, आणि पंखा टांगलाय पार छताला. खालून हवा ओढणारा द्या म्हणून किती वर्षं घसा कोरडा करतेय! डीनसाहेब दारातून डोकावतात आणि म्हणतात, मला तर काहीच होत नाही."

"बोलाव त्यांना."

देहदान करणाऱ्या बाई स्वतःच्या पायांनी आल्यात म्हटल्यावर डीनसाहेब धावत आले. माणूस ताडमाड उंच. दारातूनच त्यांनी हात जोडले.

"असे आत या, बसा," सासूबाई म्हणाल्या. "उभ्याउभ्या काय बोलायचं?"

वडीलधाऱ्या बाईंचा शब्द मोडणार कसा? साहेब शेजारच्या स्टुलावर बसले. सासूबाईंनी देहदानाचा विचार कसा सुचला ते सांगायला घेतलं, तेही थेट आजोळापासून. त्यांचे मामा शाळेत जाईपर्यंत साहेबांचे डोळे लाल झाले. आत्याचं लग्न ठरेपर्यंत गालांवरून धारा लागल्या. सगळा हॉल गंभीर झाला. एका मुलीला तर हुंदकाच फुटला.

साहेबांनी रुमाल काढला. "क्षमा करा. भावना अनावर झाल्या."

"उभं राहून बघा बरं, ओसरतात का."

साहेब उभे राहिले. थोड्या वेळाने भावना ओसरल्या. मुलं खाली माना घालून खुसखुसू लागली, आणि शेवटी साहेबांनाही हसू आवरलं नाही.

पंधरवड्यात भिंतीला, टेबलांच्या उंचीवर, नवे पंखे बसले. सासूबाई पुन्हा येऊन स्टुलावर बसल्या, दीर्घ श्वास घेतला आणि कागदावर सही केली.

"एकच अट," त्या साहेबांना म्हणाल्या. "माझ्या टेबलाशी हिला फिरकू द्यायचं नाही. आजवर हिने माझ्यात कधी खोट काढली नाही. आता उगाच आयती संधी नको."

सून हसायला गेली, पण तिला हसता येईना.

"अगं, रडतेस काय वेडे?" सासूबाईंनी तिचा दंड धरला. "मी काय आजच निघालेय? चल, भूक लागलीय मला."

आणि जिना उतरताना सुनेलाच त्यांच्या मागे पळावं लागलं.