तक्रार कक्षातली आत्मागायिका

“आणि तुमच्या प्रेरणा?” मुलाखतीला आलेल्या साप्ताहिकाच्या संपादकांनी विचारलं आणि वहीत ‘प्रेरणा’ लिहून खाली रेघ ओढली.

बाईंनी बोट वर करून त्यांना थांबवलं, वाजणारा फोन उचलला आणि पलीकडच्या माणसाला सांगितलं की हो, तक्रार कक्षच, हो, मीच, नाही, अजून कोणी बघायला गेलेलं नाही. मग त्या नुसत्याच ऐकत राहिल्या. ऐकता ऐकता टेबलाखाली त्यांच्या पायाने ठेका धरला.

“ऐका,” रिसीव्हर संपादकांच्या कानाला लावत त्या हळूच म्हणाल्या. “‘नाहीये’ कसं म्हणतात बघा.”

तिसऱ्या मजल्यावरच्या कुणा गृहस्थांकडे चार दिवस पाणी नव्हतं. ‘नाहीये’मधल्या ‘ही’वर ते असे चढले, तिथे घटकाभर थरथरले आणि मग अंधारात जिना उतरावा तसे चाचपडत खाली आले, की ऐकणाऱ्याने उठून बादली घेऊन निघावं.

“ही माझी प्रेरणा,” बाई म्हणाल्या. संपादकांनी वहीत ‘पाणी’ असं लिहिलं.

पाणीपुरवठा कचेरीच्या तक्रार कक्षात बाईंना सव्वीस वर्षं झाली होती. कक्ष म्हणजे एक टेबल, एक फोन, एक नोंदवही आणि बाई. बाकीच्या कचेरीतल्या लोकांना ही काळ्या पाण्याची शिक्षा वाटे. बाईंना दोनदा बढती आली, पण वरच्या मजल्यावर फोन नाही म्हणून दोन्ही वेळा त्यांनी ती नाकारली. कारण बाई सोल सिंगर होत्या.

एकोणिसाव्या वर्षी त्यांच्या हाती एक कॅसेट लागली होती. कुणी परदेशी बाई पोटातून ओरडून काहीतरी सांगत होती. भाषा समजायचं नाव नव्हतं, एकही शब्द कळला नाही, पण तिची तक्रार आहे आणि ती कुणी नोंदवून घेत नाहीये, एवढं मात्र स्पष्ट कळलं. त्या दिवसापासून बाई तशाच गाऊ लागल्या. उच्चार ऐकून पाठ केलेले, अर्थ अंदाजाने. नवरा लिफ्टच्या दुरुस्तीचं काम करी. लग्नानंतर पहिल्यांदा बाई गायल्या तेव्हा तो कुठे दुखतंय असं विचारत धावत आला होता. बाईंच्या मते त्यांच्या गाण्याला मिळालेली ती पहिली खरी दाद.

साथीला गल्लीतले दातांचे डॉक्टर होते. सकाळी लोकांच्या कळा थांबवायच्या आणि संध्याकाळी कीबोर्डच्या कळा दाबायच्या, असा त्यांचा दिनक्रम. असे हे दोघं मिळून वर्षातून एकदा वाचनालयाच्या हॉलमध्ये कार्यक्रम करत. खुर्च्या दोनशे. गेल्या वर्षी एकोणीस माणसं आली होती, त्यातली सात वर्तमानपत्रं वाचायची खोली समजून. शेवटच्या गाण्याला उरला तो नवरा, कारण घरची किल्ली बाईंच्या पर्समध्ये होती.

“बरं. मूल्ये?” संपादकांनी पुढचा प्रश्न विचारला.

बाईंनी सांगितलं की तिकीट नाही, कुणीही यावं. संपादकांनी मग खुलासा केला की ही मूल्ये म्हणजे ती, जीवनाची. बाई विचारात पडल्या. सव्वीस वर्षांत हा रकाना नोंदवहीत कधी आला नव्हता.

“खोटं गायचं नाही,” शेवटी त्या म्हणाल्या. “फोनवरून लगेच कळतं हो. पाणी खरंच नाहीये, की शेजाऱ्याला जास्त येतंय म्हणून ओरडतायत. तसंच गाण्याचं. पोटात नाही ते गळ्यात आणायचं नाही.”

“आणि आशा?”

“लोकांनी एकदा तरी शेवटपर्यंत बसावं.” एवढं बोलून त्या फोनकडे बघत राहिल्या. तो वाजला असता तर बरं झालं असतं, पण वाजला नाही.

संपादक शुद्ध भाषेचे कट्टर होते. आपल्या साप्ताहिकात त्यांनी परका शब्द कधी शिरू दिला नव्हता. बसला ते ‘प्रवासी वाहन’ म्हणत आणि मग ती चुकली की पायी जात. निघता निघता त्यांनी सहज विचारलं, की हे सोल म्हणजे नक्की काय. बाईंचा फोन तेवढ्यात वाजला. रिसीव्हर उचलता उचलता त्या म्हणाल्या, “सोल म्हणजे आत्मा. हॅलो, तक्रार कक्ष.”

शुक्रवारी साप्ताहिक आलं. नवऱ्याने चहा पिता पिता मोठ्याने वाचायला सुरुवात केली आणि चहा तसाच राहिला. ‘आत्मागायिकेचा रविवारी प्रयोग’ असा मथळा होता. खाली लिहिलं होतं की ऐकणाऱ्यांचे आत्मे जागे करणे हे या गायिकेचे ध्येय असून, या कार्यात एक दंतवैद्य कळफलकावर साथ देतील. प्रवेश विनामूल्य.

“‘ऐकणाऱ्याचा सोल जागा झाला पाहिजे’ असं म्हटलं होतं मी,” बाई म्हणाल्या.

“झालाय,” नवरा म्हणाला. “माझा तर उडालाच.”

रविवारी संध्याकाळी हॉलच्या दारात रांग होती. वाचनालयातल्या ग्रंथपाल बाई, ज्या एरवी पुस्तक उशिरा दिल्याखेरीज कुणाशी बोलत नसत, धावत आल्या आणि म्हणाल्या की खुर्च्या संपल्या, आता बालविभागातली स्टुलं काढतेय. बाईंना हुंदका आला. तेवढ्यात ग्रंथपालांनी त्यांच्या हातात सूचनापेटी ठेवली. लोकांनी दारातच चिठ्ठ्या टाकल्या होत्या. बाईंनी त्या पडद्याआड उघडून पाहिल्या.

‘आजोबा, तुमचा चष्मा सापडला. आता पाठवायचा कुठे?’

‘आत्या, तू त्या दिवशी खरंच रागावली होतीस का?’

‘सासूबाई, तुम्ही म्हणत होता तेच बरोबर निघालं. (हे मोठ्याने वाचू नये.)’

अशा शंभरावर. समोरच्या रांगेतल्या एकाने डॉक्टरांना विचारून घेतलं होतं की उत्तरं ते टाइप करून देणार की लोकांनी आपली लिहून घ्यायची. कळफलक म्हटल्यावर लोकांनी साहजिकच तसा अर्थ लावला होता. डॉक्टरांना बोलायची सवय नव्हती. त्यांच्यासमोरच्या माणसाचं तोंड नेहमी उघडं आणि भरलेलं असे. त्यांनी घाबरून मान हलवली, ती नेमकी होकारार्थी हलली.

“मी जाऊन सांगते त्यांना,” बाई म्हणाल्या.

नवऱ्याने त्यांचा दंड धरला. “अगं, आयुष्यात पहिल्यांदा खुर्च्या कमी पडल्यात. बसलेत ना? बसू दे. कशाला तोंड उघडतेस?”

“तोंड न उघडता गाऊ कशी?”

“गा की. गायला कोण नाही म्हणतंय? फक्त बोलू नकोस.”

त्याचं चूक नव्हतं. गप्प राहिलं तर दोनशे माणसं शेवटपर्यंत बसतील, कारण आपला माणूस कधी येईल याचा नेम नाही, तेव्हा मध्ये उठून कोण जाणार? आणि बोललं तर पुन्हा नवरा आणि घरची किल्ली. बाई पेटी तशीच हातात घेऊन बाहेर गेल्या आणि रोज फोनवर बोलतात त्याच आवाजात म्हणाल्या, “एक चूक झालीय. मी कुणाला बोलावत नाही. मला ते येतही नाही. मी नुसतं गाते.”

मागून कुणीतरी विचारलं, की मग बोलावणाऱ्या बाई कधी येणार? त्याला शेजाऱ्याने समजावलं. मग खुर्च्या सरकू लागल्या. माणसं उठली; कुणी चिठ्ठी परत मागितली, कुणी न मागता निघून गेलं. सासूबाईंना चिठ्ठी लिहिणारी सर्वांत आधी गेली असावी. बाईंनी डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा साठेक जण उरले होते. काहींना अजून कळलं नव्हतं, काही दारापासून फार लांब होते, आणि काही जण का राहिले ते सांगता येत नाही.

डॉक्टरांनी ठरलेल्या गाण्याचे सूर धरले. बाईंनी तोंड उघडलं आणि ते परदेशी शब्द, तीस वर्षं पाठ असलेले, ओठांपर्यंत येऊन थांबले. आज ते पोटात नव्हते. पोटात जे होतं ते हातात होतं. त्यांनी पेटीतली वरची चिठ्ठी उघडली. अक्षर थरथरतं, पेन्सिलीचं.

‘गॅलरीतल्या कुंड्यांना पाणी किती घालायचं? जास्त घातलं तरी मरतात, कमी घातलं तरी मरतात.’

पाण्याचीच तक्रार होती. बाईंना ती नोंदवून घ्यायची सवय होती. “किती,” त्या म्हणाल्या. मग तोच शब्द त्यांनी उचलला. ‘कि’ नुसताच टेकवला आणि ‘ती’वर चढल्या, तिथे थांबल्या, थरथरल्या, आणि चाचपडत खाली आल्या. किती गं. पाणी किती. डॉक्टरांनी ठरलेलं गाणं सोडून दिलं आणि त्यांच्या मागे मागे जात राहिले, दुखऱ्या दाताभोवती जपून जावं तसे. दुसऱ्या खेपेला मागच्या रांगेतून कुणीतरी “किती” म्हणालं; त्याला बहुधा हे विधीतच आहे असं वाटलं. तिसऱ्या खेपेला साठ जण म्हणाले. जास्त घातलं तरी. किती. कमी घातलं तरी. किती गं, किती. पडद्याआड लिफ्टवाला नवरा उभा होता. त्याने या वेळी कुठे दुखतंय ते विचारलं नाही.

बाई दीड तास गायल्या. चष्मा गायल्या, आत्या गायल्या. एकही जण उठला नाही.

संपल्यावर लोक हळूहळू पांगले. एक म्हातारा गृहस्थ तेवढा चौथ्या रांगेत बसून होता. बाई खाली उतरून त्याच्याजवळ गेल्या तेव्हा त्याने सांगितलं, की कुंड्या त्याच्या. म्हणजे खरं तर त्याच्या नाहीत, तिच्या.

“ती काही आली नाही,” तो म्हणाला.

“नाही,” बाई म्हणाल्या.

“मला वाटलंच होतं. कधी कुठे वेळेवर आलीय?” तो थोडा हसला. “पण तुम्ही विचारलंत बरोबर. मला ना, असंच विचारायचं होतं. लिहिताना ते कोरडं झालं.”

ग्रंथपाल बाई एकेक खुर्ची मिटवत त्यांच्या रांगेपर्यंत आल्या होत्या. म्हाताऱ्याच्या शेजारच्या खुर्चीवर एक रुमाल पसरून ठेवला होता, जागा धरायला ठेवतात तसा. दोनशेतल्या एकशेचाळीस खुर्च्या रिकाम्या झाल्या तेव्हाही तो तिथेच होता.

“ही घेऊ ना?” ग्रंथपालांनी विचारलं.

म्हाताऱ्याने रुमाल उचलला, झटकला, त्याच्या नीट चार घड्या केल्या आणि खिशात ठेवला. मग म्हणाला, “घ्या.”