सीबेच्या खिशातला फवारा

मी एक फवारा बोलतोय. बोटाएवढा, लाल टोपणाचा. छातीत कळ आली की मला जिभेखाली मारतात. जीव वाचवणाऱ्याला कसली भीती, असं तुम्ही म्हणाल. तीच सांगायची आहे.

औषधाच्या दुकानातून मी सीबेच्या कोटाच्या खिशात आलो. सीबे नेदरलँड्समधल्या फ्रीजलँडमध्ये कालव्यावरचा पूल सांभाळतो. बोट आली की उचलायचा, गेली की खाली घ्यायचा. त्याचं हृदय बिघडलं, त्यापाठोपाठ आणखीही काही बिघडलं. ते त्याने कुणालाच सांगितलं नाही. बायकोकडे, रिक्स्तकडे, पाठ करून झोपायला लागला. उशाशीच असतो ना मी, सगळं बघतो.

धीर करून त्याने दवाखान्यात फोन लावला. तिथली मदतनीस आधीच विचारते, तक्रार काय? एका भेटीला दहा मिनिटं, एकच तक्रार. त्याच्या तोंडून निघालं, "गुडघा." रिक्स्तलाही त्याने तेच सांगितलं.

मग आला रिक्स्तचा वाढदिवस. सगळे गोल बसून केक खात होते. तिचा भाऊ फोप्पे सीबेला मागच्या खोपटात घेऊन गेला. "घ्या भाऊजी, रात्रीसाठी. मीही घेतो. इंटरनेटवरून मागवल्यात. डॉक्टर-बिक्टर काही नको." गोळ्यांची पट्टी नेमकी माझ्या शेजारी आली.

मी आणि त्या गोळ्या एकाच अंगात गेलो तर रक्तदाब असा कोसळतो की माणूस उठायचा नाही. सीबेला हे माहीत नव्हतं. काल संध्याकाळी त्याने एक गिळली. उपयोग शून्य. आज सकाळी पुलावर छातीत कळ आली आणि त्याने माझं टोपण काढलं. भीतीने मी गारठलो. तेवढ्यात बोटीचा भोंगा वाजला. पूल वर जाईपर्यंत कळ ओसरली आणि मी परत खिशात गेलो.

गुडघ्यासाठी आजचीच वेळ मिळाली होती, तसाच तो दवाखान्यात आला. डॉक्टर दाईक्स्त्राबाईंनी नऊ मिनिटं गुडघा वाकवून पाहिला.

"ठणठणीत आहे. फवारा दाखवा बघू, मुदत संपली नाही ना?"

खिशात हात घालायचा तर पट्टीही बाहेर येणार. त्याने खिसा वरूनच दाबून धरला. बोल रे बाबा, मी मनात म्हणत होतो.

"डॉक्टर, गुडघा नाहीये."

"मग मघापासून मी काय बघतेय?"

"बायकोजवळ... होत नाही माझ्याच्यानं."

त्याने आम्हा दोघांना टेबलावर ठेवलं. पट्टीतलं एक घर रिकामं होतं. बाईंचा चेहरा उतरला. कधी घेतली, छातीत दुखलं का, सगळं त्यांनी विचारून घेतलं.

"सीबे, याच्यावर उपाय आहेत. माझ्याकडे कितीतरी जण येतात. पण आधी हृदय. आणि मी सांगेपर्यंत या फवाऱ्याला हात लावायचा नाही."

त्यांनी रुग्णवाहिका बोलावली. छातीवर तारा चिकटवलेल्या असतानाच सीबेने रिक्स्तला फोन केला.

"गुडघ्याचं मी खोटं बोललो."

"ठाऊक आहे. तू लंगडत कुठे होतास, पाठ फिरवत होतास. थांब, मी येते."

सीबे तिथेच रडला.

त्याला नेलं. मी अजून टेबलावर आहे, तो कसा आहे ते मला कुणी सांगत नाही. तुमच्या खिशात माझा भाऊबंद असेल तर डॉक्टरांना सगळं सांगा, लाज वाटली तरी सांगा. सकाळी पुलावर मी जिवाच्या आकांताने ओरडत होतो. सीबेला काहीसुद्धा ऐकू आलं नाही.