काढायची म्हणजे काय?

सरकारच्या घरबांधणी खात्यातून फोन आला तेव्हा मास्तर जिन्यात उभे होते, आणि बोलणं संपल्यावर तिथेच पायरीवर बसले. मास्तर म्हणजे आमच्या सरकारी इमारतीतल्या रहिवाशांचे अध्यक्ष. आम्ही सगळे भोवती जमलो.

"सोमवारी इंजिनीअरबाई येणार आहेत," ते म्हणाले. "यंदा आपली इमारत काढायची आहे म्हणे."

झालं! त्या एका शब्दावरून इमारतीत दोन तट पडले.

आमच्याकडे दोन जिने, डावा नि उजवा. दोन्हींना जोडणारी लांब गॅलरी प्रत्येक मजल्यावर. तिसऱ्या मजल्यावर डाव्या बाजूचं शेवटचं दार माझं आणि त्याला लागून उजव्या बाजूचं पहिलं दार माझ्या नणंदेचं. मी शिवणकाम करते. वन्संनी सारी हयात नाटक कंपनीत नटांचे चेहरे रंगवले. आम्ही दोघी रोज भांडतो. एखाद्या दिवशी भांडलो नाही तर आमचे हे विचारतात, "डॉक्टरला बोलवू का?"

"काढायची म्हणजे कामाला काढायची!" वन्संनी जाहीर केलं. "घर रंगाला काढत नाहीत का? तशी."

"काढायची म्हणजे दात काढतात तशी," मी म्हटलं. "मुळासकट."

पुन्हा फोन करून विचारावं तर खात्याचा फोन लागेना. मास्तरांचं म्हणणं, खात्यानंच बिल भरलं नसेल. तेही खरं असेल, कारण सरकार दर वर्षी खात्याचा पैसा कापत होतं आणि ते आम्हाला दिसत होतं. आधी माळी गेला. मग झाडूवाला गेला. मग रखवालदार गेला, आणि एके दिवशी दोन माणसं येऊन रखवालदाराची खुर्चीही उचलून घेऊन गेली.

मला हसू येत होतं, पण भीतीही वाटत होती. इमारत पाडली की खातं जिथे खोली रिकामी असेल तिथे माणसं पाठवतं. मागच्या गल्लीतले दोन सख्खे भाऊ असेच शहराच्या दोन टोकांना जाऊन पडले. आता लग्नाकार्यात भेटतात आणि एकमेकांना "कसे आहात?" म्हणून विचारतात. सख्खे भाऊ, आणि कसे आहात! वन्सं उद्या मला असं विचारू लागल्या तर मी काय करू? मला नाही सोसायचं ते.

तेव्हा डाव्या जिन्यानं ठरवलं, इमारत अशी नटवायची की पाडायला कुणाचा हात धजावणार नाही. घरोघरचा उरलासुरला रंग एका पिंपात ओतला. त्यातून जो जांभळा निघाला त्याला नाव नाही. तोच सगळीकडे फासला. जिथे गिलावा पडला होता तिथे मी पडदे शिवून लावले. जिथे खिडकीच नव्हती तिथेही लावले.

उजव्या जिन्याचं तत्त्व वेगळं. "रडल्याशिवाय आईसुद्धा दूध पाजत नाही," असं म्हणून वन्संनी रंगभूषेची पेटी उघडली आणि धडधाकट भिंतींना मरणकळा आणली. काय सांगू! कोपऱ्यात बुरशी, छताखाली ओल, खांबांवर भेगा. एका भेगेत सावली इतकी हुबेहूब उतरली होती की आमचे हे तिच्यात बोट घालायला गेले आणि नख दुखावून घेऊन आले.

"खात्याला फसवताय तुम्ही, वन्सं," मी म्हटलं.

"आणि तू काय पूजा करतेयस? त्या पडद्यामागे काय आहे ते सांगू का सगळ्यांना?"

आमच्या दोन दारांमध्ये मात्र खरीखुरी भेग होती. तळापासून थेट गच्चीपर्यंत, सरळ, हात जाईल एवढी. तिची आम्हा दोघींनाही मनातून धास्ती. मी तिच्यावर पडदा लावायची, वन्सं तो काढून कडेला काजळी फासायच्या. मी काजळी पुसून पुन्हा पडदा. सोमवार उजाडला तेव्हा पडदा अर्धा लोंबत होता आणि त्यालाही काजळी लागली होती.

इंजिनीअरबाई आल्या. चणीनं लहान, खांद्याला भलीमोठी पिशवी. डाव्या जिन्यानं चढल्या, जांभळ्या भिंतीपाशी जरा डोळे मिटले, पण "ठीक आहे" म्हणाल्या. मग उजव्या बाजूला गेल्या आणि गप्पच झाल्या. वन्संनी मला विजयाची भुवई दाखवली.

"बाई," मास्तरांनी धीर करून विचारलं, "आमची इमारत काढायची म्हणजे नेमकी कशी काढायची?"

"तेच ठरवायला आलेय मी. कामाला काढायची की पाडून काढायची." त्यांनी सुस्कारा टाकला. "खात्याकडे फार थोडं उरलंय. डावी बाजू डागडुजी करून ठेवू. उजवी राहण्याजोगी नाही. ती रिकामी करून पाडावी लागेल."

वन्संचा चेहरा उतरला. आयुष्यभर दुसऱ्यांचे चेहरे रंगवले, पण स्वतःचा सावरता येईना. मला रागही आला आणि रडूही. तरातरा त्यांच्या घरात शिरले, रंग उतरवायच्या क्रीमची बरणी उचलली आणि सगळ्यात भयंकर भेगेवर पचकन क्रीम थापलं.

"खोटं आहे हो सगळं!" मी ओरडत, पुसत सुटले. "ही भेग खोटी! ही बुरशी खोटी! आमच्या वन्संचा हात आहे हा!"

"अगं, हळू!" वन्सं किंचाळल्या. "ती ओल जमायला मला दोन दिवस लागले!"

मग कोण ऐकतं! कुणी तेल आणलं, कुणी जुनी बनियन. अख्खा उजवा जिना भिंतींचा मेकअप उतरवायला लागला. इंजिनीअरबाईंनी बुरशीवर बोट फिरवून नाकाशी नेलं.

"ही पावडर आहे?"

"उत्तम प्रतीची," वन्सं म्हणाल्या. पण एकटीनं उघडं पडणं त्यांच्या स्वभावात नाही. "आता हिचंही बघा!" म्हणून त्यांनी माझे पडदे धडाधड ओढले. गिलाव्याचे खड्डे, गळके पाइप, सगळं चव्हाट्यावर. एका पडद्यामागून तर नुसतीच भिंत निघाली. तो मी हौसेनं लावला होता.

इंजिनीअरबाई पायरीवर बसल्या आणि डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसल्या. मग उठल्या, हातोडी काढली आणि दोन्ही बाजूंची भिंतन्‌भिंत, खांबन्‌खांब ठोकून पाहिला. शेवटी आमच्या दोन दारांमध्ये येऊन थांबल्या. आम्ही दोघी तिच्या दोन बाजूंना उभ्या.

"ही खरी आहे," मी कबूल केलं.

"ही भेग नाही, सांधा आहे. बांधतानाच मुद्दाम ठेवतात. इमारत उन्हानं फुगते, गारव्यानं आकसते. दोन भाग चिकटवून टाकले तर एकमेकांना तडे देतात. मध्ये असं अंतर ठेवलं की वर्षानुवर्षं शेजारी सुखानं राहतात."

मग सगळी गॅलरी माझ्याकडे आणि वन्संकडे बघायला लागली, आणि आमचे हे जे खिदळायला लागले ते आवरेचनात.

"सांगाडा भक्कम आहे," इंजिनीअरबाई म्हणाल्या. "गच्ची आणि पाइप खातं करील. तेवढंच परवडेल. गिलावा, रंग तुम्ही करायचा. हा जांभळा सोडून. तुमचे हात चालतात हे तर बघितलंच मी. इमारत ठेवायची. पूर्ण."

वन्सं मटकन खाली बसल्या आणि पदरात तोंड खुपसून रडायला लागल्या. मीही त्यांच्या शेजारी बसले आणि त्यांच्याहून मोठ्यानं रडले.

"पण डाव्या बाजूचे पाइप बदलेपर्यंत तिथल्यांना हलावं लागेल," इंजिनीअरबाई मला म्हणाल्या. "खात्याची एक चांगली खोली रिकामी आहे. हवेशीर, दिवसभर पाणी..."

"काही नको," पदराआडून वन्सं म्हणाल्या. "ती माझ्याकडे राहील."

इतक्या वर्षांत त्यांचं एक वाक्य मी खोडलं नाही ते हेच.

आमचे हे पुढे झाले. "बाई, या दोघी एकाच खोलीत, मध्ये सांधा नाही. इमारत टिकेल ना?"

"त्याची जबाबदारी खातं घेत नाही," इंजिनीअरबाई म्हणाल्या.

तोवर वन्सं डोळे पुसत माझं शिलाई मशीन ओढत स्वतःच्या दाराकडे निघाल्यासुद्धा होत्या.