चिकटरावाचं घर

मी एक जुना ओंडका आहे. ओंडका म्हणणं म्हणजे जरा मोठेपणाच झाला; हातभर लांबीची, दोन फाटे फुटलेली वाकडी फांदी मी. मित्रांनो, माझ्यामुळे एक जीव गेला. तो कसा गेला, तेवढं ऐकून घ्या.

नदीकाठच्या एका झाडावर माझा जन्म झाला. पाखरं बसायची, मी डुलायचो, बरं चाललं होतं. एका पुरात मी मोडलो आणि वाहत वाहत बोटी दुरुस्त करणाऱ्या कारखान्याखाली येऊन अडकलो. तिथला मेकॅनिक इंजिनाचे भाग रॉकेलने धुवायचा आणि ते काळं पाणी खुशाल खाली ओतायचा. सगळं माझ्या अंगावर! किती वर्षं मी ते मुकाट्याने प्यायलो. पुढे दुसऱ्या पुराने मला तिथून उचलून लांब वाळूत नेऊन टाकलं. उन्हाने माझी साल गेली, अंग पांढरं आणि गुळगुळीत झालं. बघणाऱ्याला वाटावं, काय देखणं लाकूड आहे! माझ्या पोटातलं कोणाला दिसणार?

एका सुट्टीच्या दिवशी तिथे एक बाबा आणि त्यांची लेक आले. बाबा फर्निचरला पॉलिश करायचे. त्यांच्या घरी काचेच्या टाकीत मासे होते. त्यातला एक सकर मासा दिवसभर काचेला तोंड लावून बसायचा, म्हणून लेकीने त्याचं नाव चिकटराव ठेवलं होतं. बाकीचे मासे त्याच्या मागे लागायचे आणि बिचाऱ्याला लपायला जागाच नव्हती. मासे विकणाऱ्या काकांनी बजावलं होतं, "याला चाटायला आणि लपायला लाकूड पाहिजे, नाहीतर झुरून मरेल. नदीवरून आणणार असाल तर नख लावून बघा. रुतलं तर ते कुजकं. आणि कसलाही वास आला, तर तिथेच टाकून द्या."

बाबांनी नख लावलं. मी टणक निघालो. मग त्यांनी मला नाकाशी धरलं. माझा जीव टांगणीला लागला. आता यांना कळेल, आता हे मला फेकतील!

"मला तर काही येत नाही वास," बाबा म्हणाले. "तू बघ गं."

लेकीने हुंगलं. "बाबा, तुमच्या शर्टासारखा येतोय."

"मग काय, घरचाच की!" बाबा हसले आणि मी त्यांच्या पिशवीत गेलो.

त्यांचा तरी काय दोष? दिवसभर थिनर आणि टर्पेंटाइनमध्ये वावरणारं ते नाक. त्यांच्या घरातल्या पडद्यांनासुद्धा तोच वास होता.

घरी माझी बडदास्त काय विचारता! मला ब्रशने घासलं, मोठ्या पातेल्यात पुन्हा पुन्हा उकळलं. "माझं पातेलं गेलं कामातून!" आई कुरकुरत होती. पाणी चहासारखं व्हायचं, ते ओतून लेक नवं भरायला लावायची. शेवटी पाणी नितळ राहिलं. "झालं स्वच्छ!" म्हणून तिने टाळ्या पिटल्या. अहो, सुटला तो माझा रंग! रॉकेल तसंच होतं. इतक्या मायेने मला कधी कुणी धुतलं नव्हतं, आणि मी आतल्या आत ओरडत होतो, नका, मला टाकीत ठेवू नका.

मला टाकीत ठेवलं. चिकटराव आधी लांबून बघत राहिला. मग हळूच आला, माझ्या दोन फाट्यांमध्ये शिरला आणि मला बिलगला.

"आई, बघ ना, किती आवडलं त्याला!"

तो मला चाटत होता आणि मला त्याला झटकताही येत नव्हतं.

थोड्याच दिवसांत बाकीचे मासे वर येऊन तोंडं उघडू लागले. बाबांनी हवेचा पंप वाढवला. आईला वाटलं, खाणं जास्त पडतंय. माझ्याकडे कुणी बघेचना. चिकटरावाची पकड सैल झाली. तो घसरून खाली पडायचा आणि पुन्हा माझ्याकडेच यायचा. भ्यायलेला जीव, घर सोडून जाणार कुठे?

मग एकदा आत्या आली. टाकीपाशी वाकली आणि तिने नाकाला पदर लावला. "अगं बाई, यात रॉकेल सांडलंय की काय?"

"कुठे? आम्हाला नाही येत," आई म्हणाली.

"तुम्हाला कसा येईल? तुम्ही त्यातच राहता!"

शर्टासारखा वास येतोय, असं लेक म्हणाली होती, ते बाबांना आठवलं. त्यांनी बाही न सारताच टाकीत हात घातला आणि मला बाहेर ओढलं. माझ्याबरोबर चिकटरावही वर आला. त्याने मला सोडलं नव्हतं. लेकीने त्याला अलगद सोडवून बादलीतल्या स्वच्छ पाण्यात ठेवलं. बाकीचे मासे वाचले. तो नाही वाचला.

बाबा मला नदीवर फेकायला निघाले, तर रडून डोळे सुजलेली लेक दारात आडवी आली. "नको बाबा. दुसऱ्या कुणी उचललं म्हणजे?" म्हणून मी इथे, गॅलरीच्या कोपऱ्यात पडून आहे.

मित्रांनो, काठावरचं लाकूड घरी नेण्याआधी नदीच्या वरच्या अंगाला कुठे कारखाना आहे का ते बघा. त्याचा वास परक्या घरच्या माणसालाही घ्यायला लावा. जराशी शंका आली तरी आणू नका. आणि ते काळं पाणी नदीत ओतणारं कुणी दिसलं, तर हात जोडून थांबवा. आम्हाला बोलता येत नाही हो.

आत्ताच ती लेक माझ्यासमोर येऊन बसली. "तुला माहीत होतं ना?" तिने विचारलं. "मग सांगितलं का नाहीस?"

ती अजून बसली आहे, माझ्याकडे बघत.