ऐंशीवरचा काटा

डॅशबोर्डवर पाच तबकड्या होत्या. दोन चालत होत्या, एकीची काच गेली होती, एकीला काटाच नव्हता. आणि पाचवी, इंजिनातलं पाणी किती तापलंय ते सांगणारी, दोन वर्षं मुकी बसली होती. गाडी लढाईच्या आधीची, विलायती. शामराव ती लालबाग-परळात वरातींना भाड्याने चालवत. घर तिच्यावरच चाले. तिचे सुटे भाग आता मिळत नव्हते.

जयवंत त्यांचा मुलगा. बी.एस्सी. झालेला, नोकरी नसलेला. काच त्याने जुन्या तसबिरीची कापून बसवली, काटा गजराच्या घड्याळाचा लावला. पाचवीचं काम नाजूक होतं. इंजिनात बसणारी एक कुपी, कुपीत ईथर, आणि तिथून तबकडीपर्यंत एक बारीक तांब्याची नळी. पाणी तापलं की ईथरची वाफ जोर करून काटा सरकवायची. नळी मोडली होती, ईथर उडून गेलं होतं.

नळी एका मोडीत निघालेल्या लॉरीची मिळाली, ईथर ओळखीच्या कंपाउंडरने दिलं. ते मुंबईच्या उन्हाळ्यात बसल्या जागी उकळतं, म्हणून जयवंतने नळी आणि कुपी मीठ घातलेल्या बर्फात पुरली आणि सांध्याला कथलाचा डाख देऊन होईस्तोवर बाहेर काढली नाही. शेजारच्या शांताने कुल्फी कधी होणार म्हणून विचारलं. त्याची आई मीराबाई म्हणाली, बी.एस्सी.चीच कुल्फी चाललीय.

कुपी उकळत्या पाण्यात बुडवली, तसा काटा बरोबर शंभरावर गेला. शामरावांनी पुन्हा पुन्हा करायला लावून पाहिलं.

तोवर ते प्रत्येक नाक्यावर उतरून बॉनेटवर तळहात ठेवत, आणि चटका बसला की बँडवाल्यांना थोपवून रेडिएटरात पाणी घालत. आता त्यांनी उतरणं सोडलं. गाडीला शिकलेला काटा आहे, असं बँडवाल्यांना सांगू लागले.

वैशाखातल्या एका वरातीला परळच्या नाक्यावर संयुक्त महाराष्ट्राचा मोर्चा आडवा आला. बँडवाले वाद्यं खाली ठेवून घोषणांत मिसळले. नवरदेवही मुंडावळ्या सावरत गाडीत उभा राहून मूठ उगारू लागला. मोर्चा संपता संपेना. नवरानवरी आत असताना गाडी बंद करणं म्हणजे अपशकुन, त्यामुळे इंजिन चालूच राहिलं. शामराव काट्याकडे बघत बसून राहिले. मग बॉनेटखालून वाफ उसळली आणि आत काहीतरी कडाडलं.

काळाचौकीच्या कोंडीराम मिस्त्रीने इंजिन उघडलं. चीर हेडमधून थेट ब्लॉकात उतरली होती. त्याने अवजारं पुसून पिशवीत भरली. भंगारवाल्याला बोलवा, एवढंच तो म्हणाला.

शामराव पायरीवर बसले होते. चिडले नव्हते. "मी उतरलंय नाय रे," ते म्हणाले. "तुझोच काटो बघी होतंय. ऐंशीर होतो."

जयवंतने तबकडी नळीसकट सोडवून घरी आणली. सांध्यावर नख लावलं, तर डाखाची पापडी सुटून आली. डाख बर्फाने गारठलेल्या तांब्यावर नुसता बसला होता, त्याने तांबं धरलंच नव्हतं. एवढ्या दिवसांत ईथर कणाकणाने निघून जात होतं. मीराबाईने स्टोव्ह पेटवून दिला. त्याने पापडी पुन्हा जागेवर दाबून मेणाने लिंपली, सांधा पाण्याबाहेर ठेवून कुपी पातेल्यात सोडली आणि शेजारी थर्मामीटर धरला.

पाणी उकळलं. थर्मामीटर नव्याण्णव. काटा ऐंशी.