जोडचाकांची पिकअप

माइल्स सिटीपर्यंतचे साठ मैल हार्लनने अवाक्षर काढलं नाही. सून मार्ला पिकअप चालवत होती. ही गाडी विकून दुसरी घ्यायची होती, ओझं ओढणारी आणि कुरणातही चालणारी. मोंटानाच्या त्या भागात माणसं तशीही शब्द जपूनच वापरतात, पण वसंतात डेल गेल्यापासून या घरातलं बोलणंच आटलं होतं.

डेल म्हणजे हार्लनचा मुलगा, मार्लाचा नवरा. लांबच्या कुरणात घोडा त्याच्या अंगावर कोसळला, तेव्हा हार्लन हीच पिकअप घेऊन धावला. मागे दोन्हीकडे जोडचाकं, पंधरा गाईंचा ट्रेलर सहज ओढायची. मोठ्या हौसेने हार्लननेच निवडलेली. पण बर्फ वितळलं की तिथली माती खळीसारखी चिकट होते. ती जोडचाकांच्या फटीत गच्च बसली आणि चाकं जागच्या जागी फिरत राहिली. परतीच्या आठ मैलांना तीन तास लागले. डेलने वाटेतच प्राण सोडला.

हार्लनला कोणी बोल लावला नाही. शेजारी जेवण घेऊन आले, वासरांना मालकीचा डाग द्यायला मदतीला आले, आणि तो विषय टाळून परत गेले. असली माणुसकी कधी कधी शिव्यांपेक्षा जड जाते.

माइल्स सिटीतला गाड्यांचा दुकानदार पुन्हा जोडचाकांचीच गाडी गळ्यात मारू पाहत होता. मार्लाने सासऱ्याकडे पाहिलं.

"मला नको विचारू, पोरी. एकदा निवडली ना मी."

"निवडलीत. आणि माझा राग अजून गेलेला नाही, बाबा." तिचा आवाज चढला नाही. "पण त्या चिखलातली वाट तुमच्याइतकी कोणाला ठाऊक आहे? मला तिथंच राहायचंय. तुम्हीच निवडून द्या."

म्हातारा गाड्यांच्या रांगेतून चालत गेला. मग कोपऱ्यातल्या एकेरी चाकांच्या पिकअपखाली पाठीवर सरपटत शिरला. सगळं चाचपून बाहेर आला.

"ही घे. ओढते कमी; गुरं न्यायला एका खेपेच्या जागी दोन पडतील."

"करू दोन खेपा."

तो गाडीला हात लावून उभा होता. "डेलला हिच्यातून पाऊण तासात आणलं असतं मी."

सहा महिन्यांत पहिल्यांदाच ते नाव त्याच्या तोंडून निघालं, आणि त्याला रडू आवरेना.

"ठाऊक आहे मला," मार्ला म्हणाली. तिने त्याच्या पाठीवरची धूळ झटकली आणि हात तिथंच राहू दिला.